पक्षादेश कुठवर चालावा?

लोकसभेत मतविभाजनाची मागणी झाली की अध्यक्ष लॉबी रिकामी करायला सांगतात आणि संसदेत घंटा घणघणू लागते. साडेतीन मिनिटांनी दारे बंद होतात, प्रश्न पुन्हा एकदा सभागृहापुढे ठेवला जातो आणि सदस्य आपल्या बाकावरचे बटण दाबतो. बाजूने असेल तर हिरवे, विरोधात असेल तर लाल. देशाच्या कायद्यावर प्रत्येकाचे नोंदलेले मत पडते ते या काही क्षणांत.

पण कोणते बटण दाबायचे, हे आदल्या दिवशी हाती पडलेल्या एका कागदाने ठरवून टाकलेले असते. पक्षाच्या मुख्य प्रतोदाच्या सहीचा हा कागद म्हणजे व्हिप, पक्षादेश. त्यातल्या मजकुराखाली तीन रेघा ओढल्या की तो सर्वांत कडक. भाषा बहुतेक वेळा ठरलेली: सभागृहात अत्यंत महत्त्वाचे कामकाज होणार आहे, दिवसभर हजर राहा आणि पक्षाच्या भूमिकेला पाठिंबा द्या. कोणत्या विधेयकासाठी हा आदेश आहे, त्याचे नावही अनेकदा नसते. या कागदाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीतील, म्हणजेच पक्षांतरबंदी कायद्यातील, दुसऱ्या परिच्छेदानुसार खासदारकी जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच सुटका. पंधरा-वीस लाख मतदारांनी दिलेली जागा प्रतोदाच्या सहीवर टांगलेली राहते.

पक्षादेशाला खासदारकी घालवण्याचे बळ सरकार टिकण्या-पडण्याचा प्रश्न असेल तेवढ्यापुरतेच असावे, आणि कोण अपात्र हे ठरवण्याचे काम अध्यक्षांच्या हातून काढून घ्यावे. संसदेच्या सुधारणेबद्दल बोलताना खासदारांची संख्या, मतदारसंघांची फेररचना, नवी इमारत असे पुष्कळ विषय निघतात. पण आत बसलेल्या माणसाला स्वतःचे मतच नसेल, तर पाचशे त्रेचाळीस काय आणि आठशे काय, फरक फक्त बाकांच्या संख्येत पडेल.

हा कायदा का आला, ते विसरून चालणार नाही. १९६७च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत पक्षांतराची लाट आली. हरियाणातल्या गया लाल या आमदाराने इतक्या झटपट पक्ष बदलले की ‘आया राम, गया राम’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. त्याच वर्षी लोकसभेने ठराव करून समिती नेमायला लावली आणि तिचे अध्यक्षपद तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. समितीपुढे आलेले आकडे बोलके होते. पहिल्या ते चौथ्या निवडणुकीपर्यंतच्या सगळ्या काळात मिळून सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती, तर त्यानंतरच्या अवघ्या बारा महिन्यांत ४३८. सात राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपदे मिळाली होती.

या शेवटच्या आकड्यातच रोगाचे निदान आहे. माणसे मतभेदामुळे फुटत नव्हती, मंत्रिपदासाठी फुटत होती. म्हणून चव्हाण समितीने सुचवलेले औषधही पदाशीच निगडित होते. पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर किंवा तो राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नये, आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा घालावी. १९७३ आणि १९७८ अशी दोन विधेयके बारगळली. अखेर १९८५च्या जानेवारीत ३० तारखेला लोकसभेने आणि ३१ला राज्यसभेने ५२वी घटनादुरुस्ती संमत केली. तिने घाव घातला तो मात्र मतावर. मंत्रिमंडळाला सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा यायला २००३ची ९१वी घटनादुरुस्ती यावी लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे हे अठरा वर्षे चालले.

सर्वोच्च न्यायालयाला हा धोका दिसला होता. किहोतो होलोहान प्रकरणात १९९२ साली तीन विरुद्ध दोन अशा निकालाने कायदा टिकला, पण बहुमताच्या निकालातच पक्षादेशाचा अर्थ आवळला गेला. विश्वास किंवा अविश्वासाचा ठराव असेल, किंवा पक्षाने ज्या धोरणावर निवडणूक लढवली त्याचा गाभाच पणाला लागला असेल, तेव्हाच अपात्रतेची तलवार चालावी. आणि आदेश मोडल्यास सदस्यत्व जाईल, हे त्या आदेशात स्पष्ट लिहिलेले असावे, असे न्यायालयाने म्हटले. तीस वर्षांहून अधिक काळ ही मर्यादा कागदावरच आहे. ‘धोरणाचा गाभा’ हे शब्द रबरासारखे ताणता येतात. जाहीरनाम्यात शेती, शिक्षण, सुरक्षा, उद्योग सगळेच असते. मग गाभ्याबाहेरचे उरते काय? आणि ही मर्यादा ओलांडली की नाही, हे तपासायला न्यायालयात जायचे तर आधी आदेश मोडून खासदारकी पणाला लावावी लागते. ती जोखीम कोण घेणार?

यातली सर्वांत गंभीर गोष्ट घटनादुरुस्तीच्या मतदानात दिसते. अनुच्छेद ३६८ने त्यासाठी दुहेरी चाळणी लावली आहे: एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश. सगळे ५४३ खासदार मतदानाला आले तर ३६२ मते लागतात. ही अट घालताना गृहीत असे होते की इतक्या माणसांना वेगवेगळे पटवावे लागेल, म्हणून संविधान सहजासहजी हलणार नाही. आज पटवावे लागते ते पाच-सात पक्षनेत्यांना. साध्या विधेयकापेक्षा घटनादुरुस्तीच्या वेळी सदस्याचे मत मोकळे असण्याची गरज अधिक, आणि नेमक्या त्याच वेळी तीन रेघांचा आदेश हमखास निघतो.

राज्यसभेबाबत तर पक्षादेशाला खासदारकी घालवण्याचे बळ का असावे, हेच समजत नाही. अनुच्छेद ७५नुसार मंत्रिमंडळ फक्त लोकसभेला जबाबदार आहे. राज्यसभेत सरकारचे विधेयक पडले तरी सरकार पडत नाही. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक, ते सभागृह जास्तीत जास्त चौदा दिवस थोपवू शकते. म्हणजे स्थैर्याचे कारण तिथे लागूच होत नाही. उलट ते राज्यांचे सभागृह. महाराष्ट्रातून गेलेल्या सदस्याला राज्याच्या हिताआड येणाऱ्या विधेयकावर पक्षापेक्षा वेगळे मत देता येत नसेल, तर राज्यांनी आपली माणसे तिथे पाठवायची ती कशासाठी? ५ ऑगस्ट २०१९ रोजी जम्मू-काश्मीरचे विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा काँग्रेसचे तिथले मुख्य प्रतोद भुवनेश्वर कलिता यांना विरोधात मत देण्याचा पक्षादेश काढायला पक्षाने सांगितले. त्यांना तो पटला नाही आणि त्यांनी सदस्यत्वच सोडले. पुढे ते दुसऱ्या पक्षात गेले, तो भाग वेगळा. मुद्दा असा, की पक्षाशी न पटणाऱ्या सदस्याला प्रामाणिकपणे करता येण्यासारखी एकच गोष्ट कायद्याने शिल्लक ठेवली आहे, आणि ती म्हणजे बाक रिकामे करणे. त्यानंतर त्याच्या मताची नोंद कुठल्याच बाजूला होत नाही.

ज्या ब्रिटिश संसदेकडून आपण व्हिप घेतला, तिथेही तीन रेघा असतात आणि आदेश मोडणाऱ्यावर कारवाई होते. सप्टेंबर २०१९मध्ये ब्रेक्झिटच्या प्रश्नावर सरकारविरुद्ध मत दिलेल्या २१ हुजूरपक्षीय खासदारांना पक्षाने संसदीय गटातून बाहेर काढले. खासदारकी मात्र कुणाचीही गेली नाही. गटातून काढणे, तिकीट नाकारणे, पद न देणे ही पक्षाची हत्यारे आहेत आणि ती त्याने जरूर वापरावीत. जागा मतदाराने दिलेली आहे. ती काढून घेण्याचा अधिकार पक्षाकडे असण्यासाठी फार मोठे कारण हवे.

ते कारण एकच आहे: सरकार विकत घेऊन पाडले जाऊ नये. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. एवढ्या बारीक फरकावर देशाचे सरकार ठरत असेल, तर त्या दिवशीच्या मताला बाजारात किंमत येणारच, आणि तिथे पक्षादेश असायलाच हवा. म्हणून दुसऱ्या परिच्छेदात एवढेच लिहावे: विश्वास ठराव, अविश्वास ठराव, वार्षिक वित्त विधेयक, विनियोजन विधेयक आणि अनुदानाच्या मागण्या, या लोकसभेतल्या मतदानांपुरताच पक्षादेश बंधनकारक. विधानसभांनाही हीच मर्यादा लागू. ‘धन विधेयक’ असा मोघम शब्द मुद्दाम टाळायला हवा, कारण विधेयक धन विधेयक आहे की नाही हे अध्यक्षच ठरवतात. २०१६मध्ये आधारचा कायदा त्याच वाटेने आला. शब्द सैल ठेवला तर उद्या अडचणीचे प्रत्येक विधेयक धन विधेयक होऊन येईल.

ही कल्पना नवी नाही. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या १९९०च्या दिनेश गोस्वामी समितीने पक्षादेशाला विश्वास-अविश्वासापुरते सीमित करायला सांगितले होते. १९९९मध्ये विधी आयोगाच्या १७०व्या अहवालाने, सरकार धोक्यात असेल तेव्हाच पक्षादेश काढावा, असे म्हटले. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी याच आशयाचे खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, लोकसभेत मांडले. पण १९७०नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, आणि पक्षश्रेष्ठींचे बळ कमी करणारे विधेयक श्रेष्ठींच्या परवानगीशिवाय पुढे सरकणे अवघडच. म्हणूनच हा प्रश्न सभागृहाबाहेर लावून धरला पाहिजे.

आता अध्यक्षांकडे वळू. सहाव्या परिच्छेदाने अपात्रतेचा निवाडा लोकसभेत अध्यक्षांकडे आणि राज्यसभेत सभापतींकडे दिला आहे. १९८५च्या नियमांत कागदपत्रांची पद्धत बारकाईने आखली आहे: याचिका कशी सही करून पडताळायची, कोणती जोडपत्रे लावायची, सदस्याने सात दिवसांत म्हणणे कसे मांडायचे. निकाल किती दिवसांत द्यायचा, तेवढे मात्र कुठेच लिहिलेले नाही. सारी गोम इथे आहे. अध्यक्षांना चुकीचा निकाल देण्याची गरजच पडत नाही. घोंगडे भिजत ठेवले की काम होते.

उत्तर प्रदेशात २००३मध्ये बसपचे तेरा आमदार फुटले. त्यांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने स्वतः जाहीर केली ती फेब्रुवारी २००७मध्ये, विधानसभेची मुदत संपत आली तेव्हा. वरातीमागून घोडे. मणिपूरमध्ये २०१७ला काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले एक आमदार भाजप सरकारात मंत्री झाले आणि त्यांच्याविरुद्धच्या याचिका पडून राहिल्या; मार्च २०२०मध्ये न्यायालयाला पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याचा अनुच्छेद १४२चा खास अधिकार वापरून त्यांना मंत्रिमंडळातून दूर करावे लागले. महाराष्ट्राने हे घरच्या अंगणात पाहिले. जून २०२२मध्ये शिवसेनेत फूट पडली, मे २०२३मध्ये घटनापीठाचा निकाल आला, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे हे स्पष्ट झाले, आणि वाजवी मुदतीत निर्णय द्या असे अध्यक्षांना सांगितले गेले. निर्णय आला १० जानेवारी २०२४ला, तोही न्यायालयाने घालून दिलेल्या तारखेमुळे. दोन प्रतोद, दोन परस्परविरोधी आदेश, आणि शेवटी दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नाही.

हा व्यक्तींचा दोष आहे असे मी मानत नाही. राज्यसभेत २०१७मध्ये शरद यादव आणि अली अन्वर यांच्याविरुद्धची याचिका सप्टेंबरच्या सुरुवातीला आली आणि ४ डिसेंबरला निकाल लागलादेखील. म्हणजे तीन महिन्यांत काम होऊ शकते. पुरावा असतोच किती? आदेशाची प्रत, मतविभाजनाची नोंद, काही भाषणे आणि पत्रे. कुठे तीन महिने आणि कुठे तीन वर्षे लागतात, हे निकालाची घाई कुणाला आहे त्यावर ठरते. ज्यांचे पद सभागृहातल्या बहुमतावर टिकून असते, त्यांनाच त्या बहुमताचा निवाडा करायला सांगणे चूक आहे. १९९२च्या निकालात अल्पमतातल्या न्यायमूर्तींनी नेमके हेच लिहिले होते. २०२०मध्ये न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली कायम न्यायाधिकरण नेमण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले. जुलै २०२५मध्ये तेलंगणातल्या दहा पक्षांतरित आमदारांच्या प्रकरणात तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानेही, ही व्यवस्था उपयोगी पडते आहे का हे संसदेने तपासावे, असे म्हटले.

काहींचे म्हणणे असते की हे काम निवडणूक आयोगाला द्या. लाभाच्या पदासारख्या इतर अपात्रता अनुच्छेद १०३नुसार राष्ट्रपती आयोगाच्या मतानुसारच ठरवतात, आणि गोस्वामी समितीपासून दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगापर्यंत अनेकांनी तीच वाट सुचवली. मला ती आज योग्य वाटत नाही. फुटीनंतर खरा पक्ष कोणता आणि चिन्ह कुणाचे, हे १९६८च्या चिन्ह आदेशाखाली आयोगच ठरवतो. तोच अपात्रताही ठरवू लागला, तर एका निकालाने दुसरा बांधला जाईल. त्यापेक्षा तीन सदस्यांचे न्यायाधिकरण बरे: प्रमुखपदी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, नेमणूक सरन्यायाधीश, लोकसभाध्यक्ष आणि विरोधी पक्षनेता यांच्या समितीकडून.

मुदतीचे गणित शेजारून शिकता येईल. पाकिस्तानच्या संविधानातील अनुच्छेद ६३-अ मध्ये सभागृहाच्या अध्यक्षाने दोन दिवसांत प्रकरण पुढे पाठवायचे, निवडणूक आयोगाने तीस दिवसांत निर्णय द्यायचा आणि त्यावरचे अपील नव्वद दिवसांत निकाली काढायचे, असे टप्पे लिहिलेले आहेत. आपल्याकडे महासचिवांनी याचिका दोन दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावी, नव्वद दिवसांत निकाल लागावा, अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जावे. नुसती मुदत घालून भागणार नाही. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे कायदा सांगतो, तरी त्या वर्षानुवर्षे चालतात. म्हणून मुदत चुकल्याचा परिणामही लिहून ठेवावा: एका पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्याच्या सरकारात मंत्री झालेल्याचे मंत्रिपद एक्क्याण्णवाव्या दिवशी आपोआप थांबेल. मतदानाचा हक्क मात्र निकालापर्यंत राहावा, नाहीतर खोट्या याचिका टाकून विरोधकांची मते गोठवली जातील.

पाकिस्तानकडून काय घेऊ नये, तेही शिकण्यासारखे आहे. २०२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पक्षादेश मोडून दिलेले मत मोजायचेच नाही, असा अर्थ लावला. पंजाब प्रांतातले सरकार त्यामुळे गडगडले आणि २०२४मध्ये न्यायालयाला तो अर्थ मागे घ्यावा लागला. सरकार पाडणारे असे मत अवैध धरावे, अशी सूचना २००२मध्ये आपल्याकडे संविधानाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगानेही केली होती. तसे केले तर अविश्वास ठराव कधी संमतच होणार नाही. मत मोजले जावे आणि त्याची किंमत ते मत देणाऱ्याने चुकवावी.

विलीनीकरणाचा चौथा परिच्छेद तर काढूनच टाकावा. विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश सदस्य एकत्र गेले की ते अपात्र ठरत नाहीत. जून २०१९मध्ये तेलुगू देसमच्या राज्यसभेतल्या सहापैकी चार सदस्यांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले, काटेकोर दोन-तृतीयांश. गोव्यात २०१९ला काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार गेले, २०२२ला अकरापैकी आठ. एकट्याने गेलात तर शिक्षा आणि टोळीने गेलात तर अभय, हा कुठला न्याय?

शिक्षेचीही तीच गत. कर्नाटकात २०१९च्या जुलैमध्ये अपात्र ठरलेल्या आमदारांना डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत उभे राहता आले. उभ्या राहिलेल्या तेरांपैकी अकरा जिंकले आणि फेब्रुवारीत दहा जण मंत्री झाले. इथे चव्हाण समितीकडे परत जाऊन थोडे पुढेही जावे लागेल. पक्षांतरामुळे जागा गेलेल्याने पुन्हा निवडणूक लढवावी, तो मतदाराचा प्रश्न आहे. पण त्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत, पुन्हा निवडून आला तरी, त्याला मंत्रिपद किंवा महामंडळ मिळू नये.

आदेश सैल केला की प्रत्येक विधेयकाला पैशाने मते विकत घेतली जातील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मत बदलण्याची सर्वांत मोठी किंमत सरकार बदलताना मिळते, आणि ते दार बंदच राहणार आहे. बाकीच्या मतदानांसाठी उपाय उजेडाचा आहे. प्रत्येक पक्षादेशाची प्रत मतदानाआधी सचिवालयात दाखल व्हावी, त्यात विधेयकाचे नाव आणि आदेश मोडण्याचे परिणाम लिहिलेले असावेत, आणि ती संसदेच्या संकेतस्थळावर यावी. विधेयकाच्या अंतिम वाचनाला आवाजी मतदानाऐवजी नोंदलेले मतदान सक्तीचे करावे. आज बहुतेक विधेयके ‘होय’च्या आवाजावर संमत होतात आणि कोण कुठे उभा होता, ते मतदाराला कधीच कळत नाही.

राहिली घटनादुरुस्तीची रीत. १९८५मध्ये न्यायालयांचा अधिकार काढून घेणारा सातवा परिच्छेद राज्यांची संमती न घेता घातला गेला आणि १९९२मध्ये तेवढ्याच कारणावरून तो रद्द झाला. आता अपील सर्वोच्च न्यायालयाकडे नेताना ती चूक नको. विधेयक किमान निम्म्या, म्हणजे चौदा राज्यांच्या विधिमंडळांकडे मंजुरीसाठी पाठवावेच लागेल. आणि अंमलाची तारीख चालू लोकसभेतली नसावी. पुढच्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीपासून कायदा लागू होईल असे लिहिले, तर तेव्हा सत्तेच्या बाकांवर कोण बसेल हे आज कुणालाच सांगता येत नसल्यामुळे, सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही त्याला हात वर करणे सोपे जाईल.